आधी वारा, मग ऊन

दीनानाथ निवृत्त झाले आणि नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांच्या घरात एकही वस्तू सुखाने राहिली नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पावडरी सुकवल्या होत्या. ओली पावडर आत, सुकी पावडर बाहेर, आणि मधे जे काय घडतं ते दीनानाथांच्या वहीत. तिथली वाफ, तिथलं तापमान, तिथली माणसं, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. आता तो शब्द ऐकायला उरली एकटी कुमुद, आणि तिला त्याची मुळीच हौस नव्हती. त्यांनी आधी कुकरच्या शिट्ट्यांचं गणित मांडलं, मग गॅस किती वाया जातो ते काढलं. शेवटी दोरीवरच्या कपड्यांमध्ये किती अंतर असावं ह्याचा तक्ता करून त्यांनी गॅलरीच्या दाराला चिकटवला, तेव्हा कुमुदने तो शांतपणे काढला आणि त्यावर कोथिंबीर निवडली.

नवऱ्याला घराबाहेर काढायला काहीतरी हवं, हे तिने त्याच दिवशी ठरवलं. ते काहीतरी तिला दोन हजार तेराच्या जानेवारीत मासळी बाजारात सापडलं.

सुक्या बोंबलांसाठी कुमुदला एकच बाई चालायची, सोनाबाई. साठीची, काटक, नऊवारी घट्ट नेसलेली, आणि भावाच्या बाबतीत कुणाच्याही बापाला न ऐकणारी. त्या दिवशी मात्र कुमुदने भाव केला तरी सोनाबाई गप्पच होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाडव्यापरेंत घ्या ताई काय घ्यायचं त्ये. मंग आमचा बोंबील बंद."

उरणच्या रस्त्याला खाडीच्या कडेने सोनाबाईचा कोळीवाडा. त्याच्या मागे मोठं मोकळं मैदान, आणि त्या मैदानावर बांबू रोवून, दोऱ्या ताणून अकरा बाया बोंबील सुकवायच्या. सासूने सुकवला, सासूच्या सासूने सुकवला, पण कागदावर मैदान कुणाच्याच नावावर नव्हतं. आता तिथून रुंद रस्ता जाणार होता. पाडवा झाला की काम सुरू, असं सांगून माणसं खुणेचे दगड रोवून गेली होती. करंजाच्या बंदरातून माल पहाटे टेम्पोने यायचा तो पुढेही आला असता, पण तो पसरायचा कुठे? बोंबलाला तीन दिवस लागतात आणि जागा लागते हातभर नव्हे, एकरभर. ओला बोंबील घरात ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्याचं पाणी होतं. जागा गेली की अकरा घरांची चूल विझणार, एवढी ती सरळ गोष्ट होती.

"अहो, तुम्ही आयुष्यभर सुकवायचंच काम केलंत ना?" कुमुद घरी येऊन म्हणाली. "मग त्या बाईचं काहीतरी करा."

दीनानाथांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा तेज आलं. कमी जागेत, कमी वेळात सुकवायचं! हा तर त्यांचाच धडा. काचेची पेटी, आत उन्हाची ऊब, वर चिमणी. तीन दिवसांचं काम एका दिवसात, आणि एकराचं काम एका खाटेएवढ्या जागेत. रात्री जेवताना त्यांनी ताटातल्या आमटीत बोट बुडवून पेटीचा आडवा छेद काढून दाखवला. कुमुदने ताट उचललं, पण मनातून ती खूश होती.

दुसऱ्या दिवसापासून दीनानाथ कोळीवाड्यात जाऊ लागले. मान्य करायला हवं की त्यांनी काम मनापासून केलं. टोपी, डबा, पाण्याची बाटली, तापमापक, हवेतला ओलावा सांगणारं यंत्र, आणि कारखान्याच्या भांडारातून निरोपाची भेट म्हणून मिळालेला छोटा वजनकाटा. बरोबर दहाला पोचायचे. दोरीवरचे दोन बोंबील उतरवायचे, तोलायचे, खूण करून परत लावायचे, आणि पुढे दर तासाला तेच. एकला डबा. पाचला सामान आवरून सहा आसनी रिक्षाने घरी. सात दिवस हा नेम चुकला नाही.

अकराजणींना पहिले दोन दिवस ह्याची गंमत वाटली. "साहेब बोंबलाला ताप हाय का बघतंय," म्हणून मालू नावाची एक जाडजूड बाई हसायची. पण सोनाबाईची सून किशोरी वहीत डोकावायची. किशोरी दहावी झालेली, लग्नाआधी कारखान्यात पॅकिंगला जायची. तिला आकड्यांची भीती नव्हती.

"काका, ह्ये रोज लिवून काय कलतं?"

"पाणी किती वेगाने जातं ते कळतं. एकदा ते कळलं की पेटी केवढी करायची, काच किती लावायची, सगळं कागदावर निघतं. अंदाजाने काम करायचं नाही."

किशोरीने मान डोलावली. तिला अंदाजाने काम करणाऱ्या सासूची आठवण झाली असावी, कारण ती हळूच हसली.

पळस्प्याच्या नाक्यावर काळूरामचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रकची फाळकी, शेडचे खांब, जिन्याचे कठडे असली कामं तो करायचा. माशाची पेटी त्याने जन्मात केली नव्हती, पण नाही हा शब्दही त्याच्या तोंडात नव्हता. दहा दिवसांत पेटी उभी राहिली. पुरुषभर उंच, पुढे तिरकी काच, आत काळा पत्रा, बोंबील टांगायला पाच मजले सळया. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती मैदानाच्या कडेला आणून ठेवली, सोनाबाईने नारळ फोडला, आणि दीनानाथांनी किशोरीला सूचना दिली. "उद्या माल आला की बर्फातून काढायचा आणि थेट पेटीत टांगायचा. दार घट्ट लावायचं. मी येतो दहापर्यंत."

चाळीस किलो माल सोनाबाईने स्वतःचा घातला. बाकीच्या दहाजणी म्हणाल्या, बघू.

संध्याकाळी पाचला दार उघडलं तेव्हा बायांच्या तोंडून आवाज निघाला. काय रंग होता! सोनेरी, कडक, एका मापाचे बोंबील रांगेत टांगलेले. दोरीवर तिसऱ्या दिवशीही असा रंग येत नाही. मालू म्हणाली, "गो बाय, ह्ये तर तळून काढल्यावानी दिसतंय." दीनानाथांना घरी जाताना रिक्षात गुणगुणावंसं वाटलं, आणि त्यांनी ते केलंही. शेजारच्या माणसाने सरकून बसून घेतलं.

तिसऱ्या दिवशी किशोरीचा फोन आला. "काका, माल वास मारतोय."

ते रिक्षा करून गेले. सोनाबाई उंबऱ्यावर बसली होती आणि पुढे पोतं उघडं. तिने एक बोंबील उचलून दोन बोटांनी मोडला. वरची साल पापडासारखी तुटली आणि आतून पांढरट लगदा बाहेर आला. वासाने दीनानाथांनी नकळत नाकाला रुमाल लावला आणि मग लाज वाटून काढून टाकला.

"वरून सुकलाय, आतून कुजलाय," सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. तिने आणि किशोरीने पोतं दोन्हीकडून धरलं आणि खाडीत नेऊन ओतलं. बाकीच्या दहाजणी आपापल्या दोऱ्यांशी उभ्या राहून बघत होत्या.

"तुमचं नुकसान मी भरून देतो, सोनाबाई."

"त्ये द्यालच तुमी," ती हात धुवत म्हणाली. "पन पाडवा दीड महिन्यावर आला. चुकलं कुटं त्ये बोला."

घरी येऊन दीनानाथांनी वही पुढे ओढली. तीन दिवस ते जेवणाच्या टेबलावरून उठले ते फक्त जेवण मांडायला जागा करून देण्यासाठी. आकडे बरोबर होते. बेरीज बरोबर, काचेचं माप बरोबर, उन्हाचा हिशोब बरोबर. त्यांच्या गणिताप्रमाणे चाळीस किलोचे दहा व्हायला हवे होते आणि किशोरीने पोत्याचं वजन सांगितलं होतं सोळा. सहा किलो पाणी आलं कुठून? कारखान्यात असं झालं असतं तर त्यांनी खालच्या माणसाला फैलावर घेतलं असतं. इथे खाली कुणी नव्हतंच.

चौथ्या दिवशी त्यांनी किशोरीला फोन लावला.

"किशोरी, त्या दिवशी पेटीत घातलेला माल नेहमीसारखाच होता ना? जास्त पाणीदार वगैरे?"

"नाय काका, नेमीचाच. टेम्पोतून उतरला तसा."

"मग मी आठवडाभर दोरीवरचा ताजा बोंबील तोलला, त्याच्यात आणि ह्याच्यात एवढा फरक का?"

"ताजा कवा तोलला तुमी?"

"रोज. दहाला."

किशोरी म्हणाली, "काका, दहाचा बोंबील ताजा नसतो. टेम्पो साडेचारला येतो. आमी पाच वाजता लावतो. दहा वाजेपरेंत त्यानं पाच तास मतलय खाल्लेला असतो."

मतलय म्हणजे पहाटे जमिनीकडून खाडीकडे वाहणारा कोरडा वारा, एवढं दीनानाथांना शाळेच्या भूगोलातून आठवत होतं. पुस्तकात त्याला मतलई म्हणत आणि त्याला दोन मार्क असत. फोन ठेवून ते खुर्चीत बसून राहिले. तीस वर्षं दहा ते पाच काम केलेला माणूस बोंबलाचं मोजमाप करायला गेला तोही दहा ते पाच. आपण पोचलो तेव्हा काम सुरू झालं, असं त्यांनी धरून चाललं होतं. बोंबलाचं निम्मं सुकणं ते दात घासत असताना उरकत होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कुमुदने चहा आणून ठेवला तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय झालं?"

"काही नाही. मी मूर्ख आहे."

"ते ठीक आहे," कुमुद म्हणाली, "पण आता पुढे काय?"

पुढे त्यांनी पहाटे चारचा गजर लावला.

पहाटे पाचच्या काळोखात ते मैदानात पोचले. फेब्रुवारीच्या शेवटाची थंडी होती. अकराजणी ओळीने बसल्या होत्या, पुढे टोपल्या. दोन बोंबील उचलायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची. हात असे चालत होते की डोळ्यांचं काम नव्हतं. तोंडं मोकळी, म्हणून गावभरच्या गोष्टी चालल्या होत्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या पोराला बंदरात काम लागलं, कुणाची गुडघेदुखी कुठल्या तेलाने गेली. मागून वारा येत होता, कर्नाळ्याच्या अंगाने, अगदी कोरडा. दीनानाथांचे ओठ अर्ध्या तासात फुटले.

त्यांनी ह्या वेळी वजनकाटा आधी काढला नाही. ते सोनाबाईशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "मला सांगा. अगदी पहिल्यापासून."

सोनाबाईने त्यांच्याकडे एकदा पाहून घेतलं, आणि तिला जे दिसलं ते पटलं असावं.

"बोंबील म्हंजे पाणी हाय साहेब. कातड्यात भरलेलं पाणी. त्याला आधी वारा द्यायचा, मंग ऊन. वारा पाणी आतून वडतो. ऊन आधी लागलं तर साल शिजते. साल शिजली का आतलं पाणी आतच कोंडतं, मंग त्यो कुजनारच. आठ-नवाला वारा पडतो, तवर त्याचं पोट हाताला चिकाट लागतं. चिकाट लागलं का मंग उन्हाला भिऊ नको."

"हे तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलंत? पेटीत टांगताना?"

"तुमी आठ दिस वजन करीत व्हता," सोनाबाई म्हणाली. "मला वाटलं तुमच्या पेटीत कायतरी विलाज केला आसंल. इंजनेर हाव तुमी."

ह्यात टोमणा नव्हता. तिने खरंच तसं धरलं होतं. त्यांनी धरलं विचारण्यासारखं काही नाही, तिने धरलं साहेबांना ठाऊक आहे, आणि दोघांच्या मधे चाळीस किलो माल कुजला. दीनानाथांनी वही उघडली आणि तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग वजनकाटा काढला आणि साडेपाचपासून नवापर्यंत दर अर्ध्या तासाला तोललं. नऊ वाजता किलोचे साडेसहाशे ग्रॅम राहिले होते. हाच तो हरवलेला आकडा. कारखान्यात त्यांनी साहेबांच्या साहेबांपुढे कितीतरी तक्ते मांडले होते, पण त्या सकाळी त्या एका आकड्याने जेवढा आनंद झाला तेवढा कधी झाला नव्हता.

पेटी बदलायची कशी, ह्यावर मात्र त्यांची गाडी अडली. पहाटेचा वारा आत आणायला पंखा लावावा तर वीज हवी, आणि कोळीवाड्यात वीज आपल्या मर्जीने येई-जाई. ते काळूरामच्या दुकानात पंख्यांची चर्चा करत बसले असताना बरोबर आलेली किशोरी म्हणाली, "काका, पंखा कशाला? वारा तर हायेच. पेटीची कुशी उघडा ना."

"म्हणजे?"

"दोनी बाजूंना पत्रा नको, झडपा लावा. दुकानाच्या खिडकीला असतात तशा. पाचला उघड्या, वारा आरपार. नवाला बंद. मंग तुमची काच हाय नि ऊन हाय."

काळूराम खडूने जमिनीवर रेघा मारू लागला होता. दीनानाथ बघत राहिले. पेटी बंदच असायला हवी, हे त्यांनी तीस वर्षांत एकदाही तपासून पाहिलं नव्हतं, कारण पावडर उघड्यावर ठेवली तर उडून जाते. बोंबील उडून जात नाही.

"पेटी उगवतीला तोंड करून नाय ठेवायची," काळूराम म्हणाला. "कूस उगवतीला. वारा तिकडनं येतो."

"बरोबर," दीनानाथ म्हणाले. "आणि जाळी लावा, कावळे आहेत."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा माल घातला. ह्या वेळी सोनाबाईने दहाच किलो दिला, आणि तिचं बरोबर होतं. पाचला झडपा उघडल्या. नवाला सोनाबाईने आत हात घालून एकेका मजल्यावरचे बोंबील चाचपले, सर्वात खालच्या मजल्याला अजून अर्धा तास लागेल म्हणाली, आणि दीनानाथांचा काटाही तेच म्हणाला. साडेनवाला झडपा बंद. संध्याकाळी माल निघाला तो पहिल्यासारखा सोनेरी नव्हता, जरा फिका होता. चौथ्या दिवशी पोतं उघडलं. सोनाबाईने एक बोंबील मोडला. तो कट्कन तुटला, आतपर्यंत. तिने तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि दुसरा तुकडा मालूला दिला. मालूने खाल्ला आणि ती काहीच विनोदी बोलली नाही.

"जमला," सोनाबाई म्हणाली.

दीनानाथांना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं, पण किशोरीने पाहिलं होतं.

आता वेळ घालवून चालणार नव्हतं. पाडव्याला पाच आठवडे उरले होते. दीनानाथ दोन दिवस घरी बसले आणि त्यांनी खरी यंत्ररचना काढली. एकच, पण भली मोठी. मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर बसेल अशी, अकराजणींचा सगळा माल एका वेळी घेणारी. झडपा एका दांड्याने एकदम उघडतील, सळया चाकांवर सरकतील. उन्हाचा एक कण वाया जाणार नाही. तारखेआधी उभी करायला काळूराम तयार होता. मोठा कागद गुंडाळून ते कोळीवाड्यात आले, सोनाबाईच्या ओटीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर खुब्यांचे चार शिंपले ठेवले आणि अकराजणींना समजावून सांगितलं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," ते शेवटी म्हणाले, "हे चालवायला एक बाई पुरेल."

"एक बाय?" सोनाबाईने विचारलं.

"एकच. टांगायला हव्या तर दोन."

सोनाबाई कागदाकडे बघत राहिली. मग उठली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवू लागली. बाकीच्या एकेक करून निघून गेल्या. मालू जाताना म्हणाली, "चांगलं हाय साहेब," आणि ती तसं का म्हणाली हे दीनानाथांना कळेना. ओटीवर किशोरी राहिली.

"काय चुकलं आता?"

किशोरीला सांगताना अवघड वाटत होतं. ती कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "काका, मैदान गेलं तर अकरा घरं बसतील, म्हनून तुमी आलाव. ह्ये उभं राहिलं तर धा घरं बसतील."

दीनानाथांच्या कारखान्यात शहाण्णव साली नवा ड्रायर आला होता. त्याच्या आधी पावडर लोखंडी ताटांत घालून भट्टीत सुकवायचे आणि ताटं उचलायला चौदा माणसं होती. नवा ड्रायर एका माणसावर चालत असे. शिफारस दीनानाथांची होती, खाली सहीही त्यांचीच. चौदाजणांत काशिराम नावाचा एक होता, त्याने हिशोब घेऊन जाताना दीनानाथांच्या टेबलापाशी येऊन, "साहेब, मशीन चांगली हाय," म्हटलं होतं. त्यांनी तेव्हा थँक यू म्हटलं. ते वाक्य त्यांना आजपर्यंत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आज ते मालूच्या तोंडून आल्यासारखं ऐकू आलं. इतकी वर्षं आपण पावडरीच सुकवल्या असं ते समजत होते.

सोनाबाई चहा घेऊन आली आणि कागदाच्या कडेला बसली. ती रागावलेली नव्हती. ती दमल्यासारखी दिसत होती.

"साहेब, तुमी मेहनत घेतलीव. पन एक मोठी नको. बारकी द्या. काळूरामनं पयली केली ना, तेवढीच. अकरा."

"अकरा?"

"ज्याच्या-त्याच्या घरावर. जिचा माल तिनं लावायचा, तिनं काढायचा. कोन कोनाच्या हाताखाली नाय."

दीनानाथांना तिचं म्हणणं कळलं होतं. मनातून पटलंही होतं. पण तीस वर्षांची सवय अशी चहाच्या एका कपात विरघळत नाही. "सोनाबाई, तुमचं बरोबर आहे, पण त्यात फार नुकसान आहे," ते कळवळून म्हणाले. "लहान पेटी चारी बाजूंनी थंड होते. मोठीत शंभर भाग उष्णता आली तर चाळीस कामाला लागतात. अकरा लहान केल्या तर वीससुद्धा लागणार नाहीत. ऐंशी भाग वाया! मोठीच्या मानाने निम्मी उष्णता नुसती हवेत जाईल."

सोनाबाईने बशीतला चहा फुंकून प्यायला. मग बशी खाली ठेवली.

"जाऊ द्या की," ती म्हणाली. "ऊन काय कोनाच्या बापाचं हाय?"

दीनानाथ तिच्याकडे बघत राहिले. कोळसा, तेल, वाफ. आयुष्यभर त्यांनी उष्णतेचा कण न् कण वाचवला होता, कारण तिथे प्रत्येक कण कुणाच्या तरी मालकीचा होता. तिथे माणूस स्वस्त आणि वाफ महाग. इथे ऊन फुकट होतं आणि अकरा बाया होत्या. आपण गणित बरोबर सोडवत आलो, पण ते मांडलं होतं मालकाने, हे त्यांना साठाव्या वर्षी एका ओटीवर कळलं. त्यांना हसू फुटलं. आधी हळू, मग खदखदा. किशोरीही हसायला लागली. सोनाबाईला ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, ती आपली चहा पीत राहिली.

त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"सांगा," ते म्हणाले. "कुणाचं छप्पर केवढं?"

"मालूची गच्ची बारकी हाय, तिचे दोन मजले कमी करा," किशोरी म्हणाली. "आनि तिकडच्या तिघींना गच्चीच नाय, पत्रा हाय."

"मग त्यांना लोखंडी माच घालू. काळूरामला विचारतो."

"वारा पन सगळ्यांकडं सारखा नाय येत," सोनाबाई म्हणाली. "आमच्या घराला आडोसा हाय. आमची पेटी जरा तिरकी बसवा."

त्या दिवशी संध्याकाळचे सात वाजले तरी दीनानाथ तिथेच होते. अकरा घरं, अकरा मापं. कारखान्यात असला कागद कुणी टेबलावर घेतला नसता.

पाडव्यापर्यंत नऊ पेट्या झाल्या. दोघींनी शेजारणीच्या पेटीत जागा करून घेतली. सगळं काही ठीक होतं असं नाही. एका पेटीची काच उतरवताना फुटली, एकीची चिमणी उलटी ओढायची, आणि वैशाखात मतलय मंदावला की काय करायचं हे खुद्द सोनाबाईलाही नीट माहीत नव्हतं. किशोरी मात्र आता स्वतःची वही ठेवत होती. तिच्या वहीत बोंबलाचं वजन कधी पहाटे पाचचं असायचं, कधी साडेपाचचं, आणि शेजारी बाईचं नाव.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दीनानाथ आले ते कुमुदला घेऊन. आदल्या संध्याकाळी अकराजणींनी मैदानातल्या दोऱ्या सोडल्या होत्या, बांबू उपटून घरोघर नेले होते. मैदान इतकं रिकामं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते दोघं सोनाबाईच्या गच्चीवर चढले. आजूबाजूच्या गच्च्यांवर, माचांवर बाया बसल्या होत्या, पुढे टोपल्या, शेजारी झडपा उघडलेल्या पेट्या. हात चालले होते आणि तोंडंही. फक्त आता एकमेकींपर्यंत पोचायला जरा ओरडून बोलावं लागत होतं, म्हणून मालूच्या जावेच्या भानगडी सगळ्या वस्तीला ऐकू जात होत्या. कुमुद पदर तोंडाला लावून हसत होती.

सातच्या सुमाराला मैदानाच्या टोकाला पिवळं यंत्र आलं. ते थांबलं, माणसं उतरली, कुणीतरी हातवारे केले. मग त्याचा लोखंडी हात जमिनीत घुसला आणि पहिला खड्डा पडला, जिथे सोनाबाईची दोरी बांधलेली असायची साधारण तिथेच. गच्च्यांवरचं बोलणं एकदम थांबलं. हातही थांबले. कुणाच्या हातात जोडी तशीच राहिली. सोनाबाई उठून उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मैदान वाचवणारी पेटी दीनानाथांकडे नव्हती.

वारा मागून येत होता, उघड्या झडपांमधून आरपार.

सोनाबाईने पाठ वळवली, खाली बसली आणि टोपली पुढे ओढली.

"हात चालवा गो," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्या गच्च्यांना ऐकू जाईल असं. "वारा पडंल."